जरा बाजूला व्हा!

आमच्या माळ्यावर छत्तीस वर्षं एक व्हिडिओ कॅसेट पडून होती आणि आमच्यापैकी कुणीही ती एकदाही पाहिलेली नव्हती. तशा मुंजीच्या कॅसेटी कुणीच पाहत नाही. पण त्या निदान एकदा पाहून, पुढे दोन-चार पाहुण्यांना बळजबरीनं दाखवून, मग माळ्यावर जातात. आमची थेट गेली. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, सत्यनारायणाच्या जुन्या पोथीशेजारी, तिनं पंधरा वर्षं गिरगावच्या माळ्यावर काढली आणि एकवीस वर्षं डोंबिवलीच्या. वर मामाच्या ठसठशीत अक्षरातली चिठ्ठी : 'मुंज व गिरगाव, मे १९८९. यावर दुसरे काहीही रेकॉर्ड करू नये.'

ही सूचना त्या काळी फार गरजेची होती. आमच्या चाळीत सतरा नंबरवाल्यांच्या लग्नाच्या कॅसेटवर कुणीतरी १९८६ ची शारजाची मॅच घेऊन ठेवली होती. मंगलाष्टकं संपत यायची, अंतरपाट दूर व्हायचा, आणि नवरीच्या जागी जावेद मियाँदाद उभा! शेवटच्या चेंडूवर तो चेतन शर्माला षटकार मारायचा आणि अक्षता पडायच्या राहून जायच्या. त्या काकाकाकूंचा संसार तरीही छान झाला.

मामा १९७४ साली न्यू जर्सीला गेला होता. चार-पाच वर्षांतून एकदा यायचा. माझ्या धाकट्या भावाच्या मुंजीला आला तो खांद्यावर व्हिडिओ कॅमेरा घेऊन. आत अख्खी कॅसेट मावायची, म्हणजे त्याचा आकार काय असेल बघा. वजनाला तो तान्ह्या बाळाएवढा होता आणि मामा त्याला जपायचाही तसाच. विमानतळावर कस्टमवाल्यांनी तो कॅमेरा पासपोर्टवर लिहून घेतला होता. परत जाताना तो बरोबर आहे हे दाखवावं लागणार होतं. मामाला मात्र तशी काही सक्ती नव्हती. 'मी इथे राहिलो तरी चालेल, हा परत गेला पाहिजे,' असं तो म्हणायचा, आणि आजी प्रत्येक वेळी आशेनं त्याच्याकडे बघायची.

चाळीला कॅमेरा माहीत होता, पण फोटोचा. त्यामुळे मामानं कॅमेरा रोखला की माणसं श्वास धरून उभी राहायची. आजी तर पदर डोक्यावर घेऊन, दोन्ही हात सोडून, भिंतीला पाठ लावून उभी राहिली ती हलेच ना. "आई, काहीतरी कर. चाल, बोल," मामा म्हणाला. आजी ओठ न हलवता म्हणाली, "हलले तर बिघडेल." त्या कॅसेटमध्ये आजीचा सलग पावणेदोन मिनिटांचा व्हिडिओ आहे. त्यात फक्त भिंतीवरचं कॅलेंडर हलतं.

मामा परत गेला आणि सहा महिन्यांनी, तिकडून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून, कॅसेट आली. त्या दिवशी आम्ही भाड्यानं व्हीसीआर आणला. दहा बाय बाराच्या आमच्या खोलीत अठ्ठावीस माणसं बसली, उरलेली गॅलरीत. चकल्यांचा डबा उघडला गेला. बाबांनी स्वतः बटण दाबलं आणि पडद्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या खालून वर सरकायला लागल्या. मधूनच एखादं नाक दिसायचं, एखादं सोवळं दिसायचं, आणि सगळं पुन्हा वर पळायचं. कुणी टीव्हीला थापट मारली. कुणी गच्चीवर जाऊन अँटेना फिरवून आलं. कॅसेटचा आणि अँटेनाचा काही संबंध नाही हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता, कारण ते जिने चढून आले होते. विजेच्या खात्यातून रिटायर झालेले नऊ नंबरचे काका मात्र जागेवरून न उठता म्हणाले, "तिकडची वीज सेकंदाला साठ हेलकावे खाते, आपली पन्नास. जमायचं नाही." सगळे हसले. कॅसेटला कुठली आलीय वीज!

काकांचं बरोबर होतं, हे मला कळायला छत्तीस वर्षं लागली. अमेरिकेतली टीव्हीची पद्धत एनटीएससी : एका चित्रात ५२५ रेषा, सेकंदाला ३० चित्रं. आपली पाल : ६२५ रेषा आणि २५ चित्रं. हा ३०-२५ चा फरक मुळात त्या ६० आणि ५० हेलकाव्यांवरूनच आलेला. आपला बिचारा व्हीसीआर दर सेकंदाला पंचवीस पानं वाढायला बसला होता आणि मामाच्या कॅसेटमधून तीस पाहुणे येत होते. पंगतीत गोंधळ होणारच. आजीनं एवढंच म्हटलं, "पोरगा गेला तो गेला, त्याची चित्रंसुद्धा आपल्यात बसेनात." चकल्या मात्र संपल्या.

गेल्या वर्षी माळा आवरताना तो डबा पुन्हा हातात आला. दादरच्या एका गल्लीत जुन्या कॅसेटींतलं पेनड्राइव्हवर घालून देणारा एक माणूस आहे, त्याच्याकडे घेऊन गेलो. त्यानं कॅसेटची झडप उघडून ती उजेडात धरली, डॉक्टर घसा बघतात तशी. "कडेला बुरशी आहे. मुंबईची हवा. साफ करतो," तो म्हणाला. मग विचारलं, "किती वेळा लावलीय?" मी म्हटलं, एकदाच, तीही पंधरा मिनिटं. "म्हणून वाचली," तो म्हणाला. "ज्या लोकांनी प्रेमानं रोज बघितल्या, त्यांच्या झिजून गेल्या." त्याच्याकडे तीन व्हीसीआर होते, त्यांतला एक बाकीच्या दोघांना सुटे भाग पुरवण्यापुरता जिवंत. जपानमधल्या शेवटच्या कंपनीनं ही यंत्रं बनवणं २०१६ साली थांबवलं. आता ही दोन आहेत तोवर आपल्या मुंजी आहेत.

तर अशी ती कॅसेट, मुरलेल्या लोणच्याची बरणी फोडावी तशी, आम्ही डोंबिवलीच्या हॉलमध्ये मोठ्या टीव्हीवर लावली. आई आता ब्याऐंशी वर्षांची आहे. तिला खुर्ची पुढे ओढून दिली.

पहिल्याच चित्राला आम्ही गोंधळलो. मांडव, भटजी, समोर मुंडावळ्या बांधलेला माझा भाऊ, लख्ख ऊन, आणि खाली कोपऱ्यात वेळ : रात्रीचे १२ वाजून १० मिनिटं! मामानं कॅमेऱ्याचं घड्याळ न्यू जर्सीचंच ठेवलं होतं. मुहूर्त सकाळी ९:४० चा होता, पण कॅसेटच्या हिशेबानं आमच्याकडे मध्यरात्री मुंज लागली. मग लक्षात आलं की त्या दोन तासांत सगळं गिरगाव रात्रीचंच जागं आहे. रात्री आठला नळाला पाणी येतं आणि चाळ दात घासते. रात्री एकला पोस्टमन येतो. सकाळी नऊला माणसं दमून कामावरून घरी येतात. एवढं उलटंपालटं वेळापत्रक, आणि गंमत म्हणजे पाच मिनिटांनी त्यात काही वावगं वाटेनासं झालं. जुन्या दिवसांची वेळ अशीही आपल्याला नीट सांगता येत नाहीच.

मुंज मात्र कंटाळवाणी होती. एखाद्यानं ती रंजक करायची म्हटली तरी कशी करणार? धूर, त्यात भटजी, त्यात भाऊ. पण खरी गोष्ट निराळीच घडत होती. मामाला हवी होती ती मुंज. आणि सगळी चाळ तिच्या आड येत होती. दर अर्ध्या मिनिटाला मामाचा आवाज : "जरा बाजूला व्हा! अहो काका, जरा बाजूला!" लाडवांची परात घेऊन एक पाठ समोरून जाते. चौदा नंबरच्या आजी, खास कॅमेऱ्याच्या समोर आल्यावरच, थांबून चष्मा पुसतात. पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन मांडवातून सही मागत फिरतो. मागे कुणी गॅलरीच्या कठड्याला आरसा टांगून दाढी करतोय. शेजारच्या घरात कार्य आहे म्हणून दाढी थांबवायची पद्धत आमच्याकडे नव्हती. जिन्याखाली बोहारीण आणि अकरा नंबरच्या काकू यांचं एका पातेल्यावरून चाललेलं युद्ध मातृभोजनापासून सुरू होऊन भिक्षावळ आटोपली तरी संपलेलं नाही.

आणि त्या कॅमेऱ्याला माणसांची पारख मामापेक्षा जास्त होती, असं आता वाटतं. त्याची नजर आपोआप जवळच्या वस्तूवर स्थिर व्हायची. परात आली की परात स्वच्छ दिसे, लाडवावरचा बेदाणा न् बेदाणा मोजून घ्यावा. आणि मागे भावाचा गायत्रीमंत्र धूसर होऊन जाई. मामा चरफडायचा. आम्ही मात्र टीव्हीसमोर बसून ओरडत होतो, "थांबव, थांबव! ती परात बघ, आपलीच होती ती!" भावाला राग आला. त्याची मुंज, आणि सगळे पातेल्याच्या भांडणाचा निकाल काय लागला ते विचारत होते.

मला त्या रात्री सावे दादांची आठवण झाली. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये ७ जुलै १८९६ ला पहिल्यांदा हलती चित्रं दाखवली गेली, त्यानं भारावलेला हा गृहस्थ. विलायतेहून कॅमेरा मागवून १८९९ साली त्यांनी हँगिंग गार्डनमधल्या एका कुस्तीचं चित्रण केलं. पुढे १९०१ च्या डिसेंबरात रँग्लर परांजपे केंब्रिज गाजवून परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचंही केलं. ही चित्रणं आज उपलब्ध नाहीत. पण उद्या कुणाच्या माळ्यावर त्यांचा डबा सापडला, तर आपण रँग्लरांकडे बघू का? त्यांचं गणित आपल्याला तेव्हाही कळलं नसतं. आपण बघू ती गर्दी. पागोटी कशी, पायात काय, मुलं कुणाच्या खांद्यावर, शेंगदाणे विकायला आलेला तो कोण. सावे दादासुद्धा बहुतेक त्या शेंगदाणेवाल्याला हातानं खूण करत असतील : जरा बाजूला व्हा!

कॅसेटचा दुसरा भाग म्हणजे चिठ्ठीतलं 'व गिरगाव'. मामा कॅमेरा घेऊन रस्त्यावर उतरला आहे. न्यू जर्सीच्या शनिवारी रात्री साडेअकराला, म्हणजे आपल्या रविवारी सकाळी नऊला. रस्ता मोकळा. टॅक्सी नाही, हातगाडी नाही, ठाकूरद्वाराच्या नाक्यावर एक कुत्रा मधोमध झोपलेला. मामा गंभीर आवाजात सांगतो, "हा गिरगावातला मुख्य रस्ता. आज बहुधा बंद पुकारलेला दिसतोय." त्यावर माझा चौदा वर्षांचा फुटका आवाज : "मामा, महाभारत!" आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात ती मालिका सुरू झाली होती आणि रविवारी सकाळी मुंबईला खरोखरच संचारबंदी लागत होती. मामा चालतो तसा दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून तोच आवाज पुढे पुढे जातो. एका खिडकीत शकुनी बोलायला सुरुवात करतो, पाचव्या खिडकीपाशी त्याचं वाक्य संपतं, मधला एक शब्दही सुटत नाही. रस्त्यावरून चालत जाऊन अख्खा भाग ऐकता येईल, अशी ती सोय होती.

मग महाभारत संपतं, आणि धरणाचे दरवाजे उघडावेत तसा रस्ता भरतो. डोक्यावर केळीच्या पानांचे भारे, सायकलला लटकलेले कॅन, मीटरचा झेंडा खाली पाडून निघालेल्या काळ्यापिवळ्या फियाट. आणि मग कोपऱ्यावरून, आधी वरचा मजला झुकवत, लाल डबलडेकर. वरच्या पुढच्या सीटवर दोन पोरं, काचेला नाकं चिकटवलेली. हॉलमध्ये आम्ही सगळ्यांनी एकदम उसासा टाकला. मुंबईत १९३७ पासून धावणारी ती जुनी डबलडेकर २०२३ च्या सप्टेंबरात बंद झाली. पुढच्याच महिन्यात उरलेल्या पद्मिनी टॅक्स्यांची मुदत संपली. विजेवरच्या नव्या दुमजली गाड्या आल्या आहेत, थंडगार आहेत, पण त्यांच्या खिडक्या उघडत नाहीत; नाकं चिकटवता येतात, तोंड बाहेर काढून ओरडता येत नाही.

आमचा उसासा अजून हवेतच होता, तेवढ्यात टीव्हीतला मामा म्हणाला, "आता गिरगाव पहिलं राहिलं नाही. काय ते बसचे धूर! इथून ट्राम जायची. ट्रामची मजा गेली."

आम्ही गप्प झालो. ट्राम बंद झाली ३१ मार्च १९६४ ला. म्हणजे १९८९ सालचा मामा ट्रामसाठी हळहळत असताना ज्या डबलडेकरकडे नाक मुरडत होता, तिच्यासाठी आम्ही हळहळत होतो. आता ठाकूरद्वाराच्या त्याच रस्त्याखालून २०२५ च्या ऑक्टोबरपासून मेट्रो जाते. आणखी तीस वर्षांनी कुणीतरी पोरगा आपल्या फोनमधला मेट्रोचा व्हिडिओ बघून उसासा टाकणार आहे. मागून येणारा उद्घोषणेचा आवाज त्याला गहिवरून टाकणार आहे. आपण नेहमी एक गाडी उशिरा रडतो.

असं काही मी तत्त्वज्ञान सांगू लागलो, तेव्हा आईनं मला थांबवलं. ती तोवर फारशी बोलली नव्हती. मी म्हणत होतो, काय ती चाळ, काय तो शेजार, दार कधी बंद म्हणून नाही. आई म्हणाली, "पाणी कोण भरत होतं?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"पहाटे साडेपाचला पाणी यायचं. दोन पिंपं, चार कळशा. तुम्ही झोपलेले असायचात. मजल्यावर बावीस बिऱ्हाडं आणि शेवटी तीन संडास. चाळ चांगली होती, रे. पण ती तुमची. मला विचारशील तर या घरात नळ उघडला की पाणी येतं, मला एवढं पुरे."

हिशेब तपासायला मी कॅसेट मागे घेतली. न्यू जर्सीच्या रात्री आठचा तो भाग. गॅलरीत मामाचा कॅमेरा फिरतोय, आम्ही भावंडं गोधडीत, आजी जपमाळ घेऊन बसलेली, बाबा वर्तमानपत्रामागे. आणि चित्राच्या एका कडेनं येऊन दुसऱ्या कडेनं जाणारी, पुन्हा येणारी, कधीच पूर्ण न दिसणारी एक कळशी. मामा म्हणतो, "अगं, एक मिनिट थांब ना, इकडे बघ." कळशी म्हणते, "पाणी जाईल." सबंध कॅसेटमध्ये आईचा चेहरा सरळ असा कुठेही नाही. भिक्षावळीत ती आहे, पण वाकलेली. पंगतीत आहे, पण पाठमोरी, तूप घेऊन. कॅमेरा थांबलेल्या माणसांना धरत होता, आणि थांबणं तिच्या वाट्याला नव्हतं. आपण जिला हरवलेली मुंबई म्हणतो, तिचं भाडं कुणीतरी पहाटे साडेपाचला उठून भरत होतं, हे त्या कॅसेटनं काही न बोलता दाखवलं.

कॅसेट संपत आली. मामा निघायच्या आदल्या संध्याकाळी सगळे चौपाटीवर जायला निघाले आहेत. साडेसहा, कोपऱ्यात सकाळचे नऊ. मामानं निघताना जिन्याचं चित्रण केलं आणि कॅमेरा बंद केला. म्हणजे, बंद केला असं त्याला वाटलं. बटण नीट दाबलं गेलंच नाही. मग त्यानं कॅमेरा वरच्या मुठीला धरून, भाजीच्या पिशवीसारखा हातात लटकवला आणि चालू लागला. भिंग पुढे, गुडघ्याच्या उंचीवर. पुढची अकरा मिनिटं पडद्यावर फक्त पाय आहेत.

आधी लाकडी पायऱ्या, मधोमध खोलगट झालेल्या. मग चौकातली फरशी. मग रस्ता. मामाचे पांढरे अमेरिकन बूट चित्राच्या काठावर येतात-जातात. पुढे भावाच्या नव्या स्लिपर, दोन नंबर मोठ्या, 'वाढत्या पायाला' म्हणून घेतलेल्या. फट फट फट. माझे कॅनव्हासचे बूट, एकातून अंगठा जगाकडे पाहतोय. वरून आवाज येतात : "किल्ली घेतलीस?" "गॅस बघितला का?" "पेटी काय भावानं आणली?" "मी कुल्फी खाणार." "आधी भेळ." "आईंना हात धरा." रसाच्या गुऱ्हाळाची घुंगरं जवळ येऊन मागे जातात. बसचं एक चाक सगळा पडदा व्यापून जातं. चर्नी रोडच्या पुलावर तर अडीच मिनिटं निव्वळ समोरून येणारे पाय : ऑपेरा हाउसच्या हिरे बाजारातून सुटलेले, गाडी पकडायला निघालेले, काळे बूट, कोल्हापुरी, रबरी, एक अनवाणी. तो बाजार २०१० नंतर बांद्रा-कुर्ला संकुलाकडे गेला, त्याच्याबरोबर ते पायही गेले. पुलाखालून गाडी सुटते. डीसी विजेवर धावणाऱ्या त्या जुन्या गाडीचा, खालच्या पट्टीतून वर चढत जाणारा आवाज. पश्चिम रेल्वेवर तो २०१२ साली थांबला. मला वाटायचं मी तो विसरलो. ऐकला आणि माझा हात आपोआप वर गेला, कडी धरायला.

आई खुर्चीत पुढे सरकली होती. सकाळी काय खाल्लं हे तिला हल्ली आठवत नाही. ती म्हणाली, "या चौदा नंबरच्या. डावा पाय ओढतात बघ. चौपाटीला जायचं म्हटलं की निघाल्याच, कुणी बोलावलं नसलं तरी." मग, "ही पैंजणवाली सतरा नंबरची." ती मियाँदादवाली. मग, "हे तुझे बाबा." चामड्याची चप्पल, टाच बाहेरच्या बाजूनं झिजलेली, संथ. बाबांना जाऊन बारा वर्षं झाली. आई त्या टाचेकडे बघत राहिली. "शिवून आणा म्हणून किती वेळा सांगितलं होतं," ती म्हणाली.

एक पाऊल मात्र तिला ओळखू येईना. जोडवी घातलेलं, चपलेचा अंगठा सेफ्टी पिननं जोडलेला. बाकी सगळे पाय पुढे चाललेत आणि हे एकच पुढे जातंय, मागे येतंय, पुन्हा पुढे. भावाला रस्त्याच्या कडेला घ्यायला, आजीचा हात धरायला, पुन्हा माझ्याकडे. बाकीच्यांच्या दुप्पट अंतर चालत.

"ही कोण रे, एवढी धावणारी?"

"आई, तू."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "असेल. कुणीतरी धावायला हवंच होतं."

पडद्यावर वाळू आली. कॅमेरा टेकवला गेला, चित्र आडवं झालं, आणि समुद्र उभ्या भिंतीसारखा दिसू लागला. मग मामाचा आवाज, अगदी जवळून, हळहळलेला : "अरेरे! हा चालूच राहिला की! अकरा मिनिटं फुकट गेली." आणि अंधार.

मामा आता शहाऐंशीचा आहे. मी त्याला सगळं व्हॉट्सॲपवर पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं : 'उत्तम. मुंज छान आली आहे. शेवटी पाय आले आहेत, तेवढे काढून टाक. चुकून झाले.' माझ्या फोनमध्ये आज हजारो व्हिडिओ आहेत, सगळे जाणूनबुजून घेतलेले, प्रत्येकात कुणीतरी हसून हात हलवतंय. असा एकही चुकून झालेला नाही. आपला फोन बंद करायला आपण विसरत नाही, आणि विसरलो तर तो स्वतःच बंद होतो.

मी मामाला 'बरं' असं कळवलं आणि काही काढलं नाही. गेल्या रविवारी भाऊ कुटुंबासह आला होता. त्याच्या मुलाला बापाची मुंज बघायची होती, म्हणून त्यानं पेनड्राइव्ह लावला. धूर आला, भटजी आले, मध्यरात्रीचे १२ वाजून १० मिनिटं झाली. आई आतून चष्मा लावत आली, खुर्ची पुढे ओढून बसली आणि नातवाला म्हणाली, "मुंज राहू दे रे. पाय लाव."